हुरड्यापुरता वसंत

पंचांगातला वसंत परभणीला परवडत नाही. चैत्र-वैशाख हे वसंताचे महिने, असं शाळेत पाठ केलेलं असतं. पण इथं चैत्र लागला की पारा चाळिशीकडं धाव घेतो. वैशाखात दुपारी बारा ते चार रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही, आणि पोरांना घेऊन फिरून येतो म्हणणाऱ्या बापाला घरातली म्हातारी माणसं वेड्यात काढतात. म्हणून परभणीकरानं आपला वसंत आपणच ठरवून घेतलाय. तो संक्रांतीला सुरू होतो आणि शिमग्याला संपतो. या दोन महिन्यांत थंडी झोंबत नाही आणि ऊन चावत नाही. ज्वारी चिकात आलेली असते, हरभरा घाट्यावर असतो, करडई पिवळ्याची नारिंगी होत असते आणि बांधावरच्या बोरी लगडलेल्या असतात.

जिल्ह्याला थंड हवेचं ठिकाण नाही, समुद्र नाही, गिर्यारोहकांनी सुट्टी काढून यावं असा गड नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत आम्ही आमचं कौतुक आणि चेष्टा एका दमात उरकतो. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हेही हसून ऐकून घेतो. पर्यटनाच्या पुस्तकांत मात्र जिल्हा बहुधा दोन-चार ओळींत आटोपतो. तरीही माघातल्या कुठल्याही रविवारी सकाळी जिंतूर रोड, गंगाखेड रोड, पाथरी रोड किंवा वसमत रोडला उभं राहून बघावं. एकेका मोटारसायकलवर चौघं असतात. टाकीवर धाकटं, मागं मोठी पोरगी, तिच्या मागं आई आणि आईच्या मांडीवर डब्याची पिशवी. कुणाची चारचाकी, कुणाचा भाड्याचा टेम्पो, कुणी लालपरीत. बहुतेकांची वाट एकाच ठिकाणी जाते: आपल्या, भावाच्या, मामाच्या किंवा ऑफिसातल्या मित्राच्या शेतात.

परभणीची खरी कौटुंबिक सहल शेतात जाते. या सहलीला तिकीट नाही, बुकिंग नाही. पण तिचा सगळा भार एका पिकावर आहे. ते पीक म्हणजे रब्बीची ज्वारी, आणि ती आपल्या डोळ्यांदेखत कमी होत चालली आहे. सहलीबद्दल लिहायला बसलं की ज्वारीबद्दल लिहावं लागतं, ते यामुळं.

या हंगामाचं दार उघडतं ते येळवसेला. लातूर-बीडला लागून असलेल्या गंगाखेड, सोनपेठ, पालम या पट्ट्यात मार्गशीर्ष अमावास्येला, म्हणजे वेळा अमावास्येला, गावंच्या गावं शेतात जातात. कडब्याची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची आणि मग पंगत. पंगतीत सगळ्या शेंगभाज्यांची मिळून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली आंबील, गव्हाची खीर. ज्याला शेत नाही त्याला आवतण द्यायचं, हा या दिवसाचा नियमच आहे. त्या दिवशी शहरातली घरं कुलूपबंद असतात आणि शिवारं माणसांनी फुललेली. जानेवारी-फेब्रुवारीतले हुरड्याचे रविवार येळवसेचाच धागा पुढं नेतात. फक्त पूजा वजा होते आणि पाहुणे वाढतात.

आगटी

हुरड्याचा बेत शनिवारी रात्री फोनवर ठरतो, पण ज्याचं शेत त्यानं दोन दिवस आधीच कणसं बघून ठेवलेली असतात. दाणा नखानं दाबल्यावर दूध निघत असेल तर थांबायचं. दूध आटून चीक धरला की हुरडा. चीक वाळून दाणा टणक झाला की संपलं, मग ती नुसती ज्वारी. एका ताटाला हे दिवस आठवडाभरच मिळतात. म्हणून जाणता शेतकरी हुरड्याची तासं एकदम पेरत नाही, आठ-आठ दिवसांच्या अंतरानं पेरतो. पुण्याहून येणाऱ्या पुतण्याला एक रविवार जमला नाही तर पुढच्या रविवारीही त्याच्या पोरांना कणसं मिळाली पाहिजेत, हा हिशोब त्यात असतो.

सगळी ज्वारी हुरड्याला चालत नाही. भाकरीची मालदांडी वेगळी, हुरड्याची वेगळी. गूळभेंडी, सुरती, कुचकुची ही जुनी नावं. यांचा दाणा गोड असतो आणि मुख्य म्हणजे भाजल्यावर बोंडातून सहज सुटतो. जो दाणा सुटत नाही तो कितीही गोड असला तरी पोरं दोन घासांत कंटाळतात.

आगटी म्हणजे जमिनीत खणलेला वीत-दीड वीत खोल खड्डा. त्यात शेणाच्या गोवऱ्या रचायच्या, पेटवायच्या आणि धूर सरेपर्यंत गप्प बसायचं. जाळावर कणीस करपतं. आरावर ते आतून शिजतं. हा फरक सात वर्षांच्या पोराला एका सकाळीत कळतो, कारण त्यानं घाईनं जाळात खुपसलेलं कणीस काळं होऊन बाहेर येतं आणि कुणी रागावतही नाही. लाल आर झाला की कणसं दांड्याला धरून आत सारायची, उलटायची, आणि दाणे टचटचीत दिसू लागले की बाहेर काढायची.

मग येतं चोळण्याचं काम, आणि ते घरातल्या सगळ्यांत जुन्या हातांकडं असतं. भाजलेलं कणीस गरम असतं तेव्हा हातात धरवत नाही, आणि गार झालं तर दाणे सुटत नाहीत. आजोबा कणीस दोन तळव्यांमध्ये धरतात, दोन-तीन वेळा फिरवतात, फुंकर मारतात आणि हिरवागार दाणा पोराच्या ओंजळीत टाकतात. “आबा, हात भाजंना का तुमचा?” हा प्रश्न दर वर्षी विचारला जातो. “भाजायलाय की. पण गार झाल्यावर खाशील का तू?” हे उत्तरही ठरलेलं. माणसं जास्त असली तर कणसं गोणपाटात घालून चोळतात आणि आजी सुपात पाखडते. सूप हलवताना तूस पुढं उडतं आणि दाणा मागं राहतो, हे पहिल्यांदा बघणारं शहरी पोर तोंड उघडं टाकून उभं राहतं. ते सूप त्याच्या हातात द्यावं. निम्मा हुरडा मातीत जाईल, जाऊ द्यावा.

हुरड्यासोबत काय खायचं, यावर घराघरांत मतभेद. तिळाची चटणी, जवसाची, कारळाची, लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची. गूळ, गोडी शेव, रेवड्या, घट्ट दही, शेवटी ताक. एका बाजूला हरभऱ्याच्या डहाळ्यांचा हुळा भाजत असतो, गहू असला तर ओंब्या. उसाचं कांडकं सोलून देणारा एखादा काका असतोच. हे सगळं बसल्या जागी चार फर्लांगांच्या आतलं असतं. कुठली वस्तू कुठल्या झाडाची, कुठल्या रोपाची, हे पोराला विचारावं लागत नाही. ते जाऊन तोडून आणतं.

पोटं भरली की मोठी माणसं लिंबाखाली आडवी होतात आणि पोरांची खरी सहल सुरू होते. शेतीची वीज आठवड्याआड दिवसाची नाहीतर रात्रीची असते. दिवसाची पाळी असली तर मोटार चालू होते आणि पाइपाच्या तोंडाखाली अंघोळी. माळ्यावर चढायचं, गोफण फिरवायचा प्रयत्न करायचा. गोफणीतला पहिला दगड हमखास मागं जातो, म्हणून आधी सगळ्यांना बाजूला करावं.

गोफण असते भोरड्यांसाठी. गुलाबी पोटाच्या, काळ्या डोक्याच्या या मैना पूर्व युरोप आणि मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशांतून दर हिवाळ्यात आपल्याकडं येतात. तिकडं त्यांचं पोट टोळ आणि नाकतोड्यांवर चालतं. चीनच्या शिंजियांग प्रांतात तर टोळांचा बंदोबस्त व्हावा म्हणून त्यांना घरटी बांधून देतात. इकडं त्या किडेही खातात, पण ज्वारीच्या कणसावर थवा उतरला की शेतकऱ्याला किड्यांचं कौतुक सुचत नाही. हजारोंचा थवा एकदम उठतो, वळतो, पुन्हा उतरतो, आणि राखणदार डबा बडवत पळतो. कुठल्याही पक्षी अभयारण्याचं तिकीट न काढता हे दृश्य दिसतं. पोरानं नकाशा काढून ते पाखरू कुठून आलं हे शोधलं, तर भूगोलाचा एक धडा घरीच झाला.

बाकीचे रविवार

दर आठवड्याला हुरडा होत नाही. बाकीच्या रविवारांची सोय जिल्हा आणि त्याचा शेजार मिळून करतात.

फेब्रुवारी लागला की परभणी शहरात सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. तो इंग्रजी तारखेनं येतो, २ फेब्रुवारीच्या सुमाराला, आणि पंधरवडाभर चालतो. परभणीतल्या कित्येक पिढ्यांनी पहिला आकाशपाळणा, पहिला मौत का कुआँ आणि पहिला हरवण्याचा अनुभव इथंच घेतला. हिंदू घरांतली पोरं रेवड्यांसाठी हट्ट धरतात, मुस्लिम घरांतले पाहुणे दूरदूरच्या गावांहून मुक्कामाला येतात. खेड्यांतून बायका घरच्यांना घेऊन येतात आणि खेळण्यांसोबत वर्षाची भांडीकुंडीही घेऊन जातात. लहान पोर घेऊन जायचं असेल तर दुपारी चारला जावं. रात्री आठनंतर गर्दीत पोर खांद्यावरच ठेवावं लागतं.

महाशिवरात्रीला रस्ता औंढा नागनाथकडं वळतो. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला तेव्हा औंढा तिकडं गेलं, पण परभणीच्या माणसाच्या मनातून ते गेलेलं नाही. बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक, काळ्या दगडाचं, बाहेरून नखशिखांत कोरलेलं देऊळ. हत्ती मोजायला लावले तर पोरं तासभर रमतात. नामदेवांना कीर्तन करायला मज्जाव झाला, ते देवळामागं जाऊन उभे राहिले आणि देऊळच फिरलं, ही कथा देवळाच्या पाठीमागं उभं राहून सांगितली तर पोरांना पुरावा लागत नाही.

जिंतूरकडं जाणाऱ्यांनी दोन ठिकाणं एका दिवसात बसवावीत. जिंतूरपासून जवळच नेमगिरी आणि चंद्रगिरी या जोडटेकड्या आहेत. तिथल्या जैन गुंफांची दारं बुटकी, आत मूर्ती भव्य. मोठ्यांना वाकून शिरावं लागतं आणि पोरं ताठ मानेनं जातात, हा आनंद त्यांना दुसरीकडं क्वचित मिळतो. पार्श्वनाथांची मूर्ती अधांतरी असल्यासारखी भासते. ती कशावर टेकली आहे, हे वाकून बघण्याची चढाओढ लागते. तिथून येलदरीला जावं. पूर्णा नदीवरचं हे धरण १९६८ मध्ये पुरं झालं. पायथ्याला २२.५ मेगावॅटचं वीजघर आहे, आणि पाऊसकाळ बरा झाला असेल तर फेब्रुवारीत पाण्याचा निळा पसारा नजरेत मावत नाही. परभणीत नळाला पाणी येतं ते कुठून येतं, हे पोराला दाखवायचं असेल तर येलदरीच दाखवावं लागेल. पाण्यात उतरू मात्र देऊ नये.

त्याच तालुक्यात जालन्याच्या रस्त्यावर चारठाणा लागतं. यादवकाळाच्या मागच्यापुढच्या शतकांतली मंदिरं, गावात उभा असलेला उंच कोरीव दगडी स्तंभ, पायऱ्यापायऱ्यांची बारव. गावात एके काळी ३६० मंदिरं होती, असं गावकरी सांगतात. पोरांना उरलेली मोजायला लावावीत. निदान पाय मोकळे होतात. आणखी पुढं मंठ्याहून लोणार गाठता येतं. बसाल्टच्या खडकात उल्केच्या धडकेनं झालेलं हे विवर २०२० च्या जूनमध्ये गुलाबी पाण्यामुळं जगभर गाजलं आणि त्याच वर्षी रामसर यादीतही आलं. पण लोणारला जायचं तर अंधारात निघावं. उन्हात विवर उतरणं आणि चढणं हे लहानांचं काम नाही.

दक्षिणेला गोदावरी. गंगाखेड हे जनाबाईचं गाव. पीठ दुकानातून आणणाऱ्या घरातल्या पोरांना जातं म्हणजे काय हे दाखवून तिची गोष्ट सांगावी, म्हणजे देव दळू लागला यातली गंमत कळते. गंगाखेड तालुक्यातच धारासूरला नदीकाठी गुप्तेश्वराचं देऊळ आहे. मराठवाड्यातल्या शिल्पकलेचा हा फार सुंदर नमुना. पडझडीमुळं गेल्या काही वर्षांत त्याच्या जतनाचं काम हाती घेतलं गेलं, तेव्हा जाण्याआधी गावात चौकशी करावी. गोदावरीवर ढालेगाव, मुदगल, डिग्रस असे बंधारे झाल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडाशीही नदीत पाणी असतं. त्यातच धोकाही आहे. वाळूउपशानं पात्रात कुठं खड्डा आहे हे वरून कळत नाही. काठावर बसून दशम्या खाव्यात, पाय भिजवावेत आणि उठावं.

धुळवडीच्या दिवसांत नांदेडला सचखंड गुरुद्वाऱ्यात होला मोहल्ला असतो. रेल्वेनं तास-सव्वा तासाचं अंतर. निहंगांची मिरवणूक, घोडे, शस्त्रांचे खेळ आणि लंगर. शिमग्याला संपणाऱ्या आमच्या वसंताला याहून रंगीत शेवट सापडणार नाही.

या सगळ्याला फार पैसा लागतो असंही नाही. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पाच ते बारा वर्षांच्या पोरांना ते आधीपासूनच आहे, आणि ७५ वर्षांवरच्या आजी-आजोबांना तिकीटच नाही. म्हणजे पाच जणांच्या घरात पूर्ण तिकीट एकट्या बापाचं. पूर्वी सासूबाईंना आणि दोन नणंदांना सोबत न्यायचं म्हटलं की खर्चाचं कारण निघायचं; आता ते निघत नाही.

ज्वारी कुठं गेली

वरची सगळी ठिकाणं जागच्या जागी राहतील. देवळं आणि धरणं पळून जात नाहीत. हुरडा मात्र दर वर्षी पेरावा लागतो, आणि तिथंच गाडी अडली आहे.

पन्नाशीतल्या कुठल्याही परभणीकराला विचारावं. त्याच्या लहानपणी दसऱ्याच्या आगेमागे पाभर चालायची ती ज्वारीसाठी. काळ्या जमिनीतल्या ओलीवर, वरून पाण्याचा थेंब न घेता, माणूसभर उंचीची ज्वारी यायची. धान्य माणसांना, कडबा बैलांना. मग खरिपात सोयाबीन आलं. नगदी पीक, साडेतीन महिन्यांत मोकळं. त्याच्या रानात मागून हरभरा पेरणं सोपं. यंत्रानं काढता येतो, बाजारात लगेच विकतो. कापसाचं रान फरदड घेत जानेवारीपर्यंत अडकलेलं. जायकवाडीचा २०८ किलोमीटरचा डावा कालवा जिथं पोचला आणि साखर कारखाने जिथं उभे राहिले तिथं ऊस. या सगळ्यांतून ज्वारीला उरलं ते बांधाकडचं, हलकं, नको असलेलं रान.

पण ज्वारी हटण्याचं मोठं कारण बाजारभावाहून वेगळं आहे. ट्रॅक्टर आला, बैल गेले. बैल गेले तिथं कडब्याची गरज गेली. ज्वारीच्या पिकात निम्मा जीव कडब्याचा. तो काढून घेतला तर उरलेल्या धान्यासाठी कोण मान मोडून काढणी करणार? ज्वारी उपटायची, पेंढ्या बांधायच्या, कणसं खुडायची, मळायची. याला माणसं लागतात आणि माणसं मिळत नाहीत. वर भोरड्या, रानडुकरं आणि रोही. शेजारच्या चार शेतांत ज्वारी असली तर पाखरं वाटली जातात. एकट्याचीच असली तर सगळा थवा त्याच्यावरच. त्यामुळं गावात एकानं ज्वारी सोडली की दुसऱ्याला ती ठेवणं अवघड होतं आणि तिसऱ्याला अशक्य. गोवऱ्यांचंही तेच. दावणीला जनावर नाही तर आगटीत घालायच्या गोवऱ्या शेजाऱ्याकडून मागून आणाव्या लागतात.

याचा थेट परिणाम पोरांच्या सहलीवर झालाय. शेत आहे, गाव आहे, काका आहे. पण “औंदा ज्वारी नाही बघ पेरली, हरभऱ्याचा हुळा खायला या” असं फोनवर ऐकायला मिळतं. हुळा चांगलाच असतो. पण त्याला आजोबांचे भाजलेले हात लागत नाहीत, सूप लागत नाही, गोफण लागत नाही. अर्ध्या तासात खाऊन होतं आणि पोरं मोबाइल मागतात.

विकतचा हुरडा

जिथं घरचा हुरडा आटला तिथं विकतचा आला. राज्य सरकारनं २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण मंजूर केलं. पुणे-नगरच्या बाजूला हुरडा पार्टी हा त्याआधीच धंदा झाला होता. आता संभाजीनगरापासून परभणीपर्यंत रस्त्याकडेच्या शेतांत त्याचे फलक दिसतात. माणशी दर, गेटवर नाश्ता, बैलगाडीची एक फेरी, दुपारी पिठलं-भाकरी, झोके आणि एखादा ध्वनिवर्धक.

त्याला नाकं मुरडणं सोपं आहे, पण बरोबर नाही. शहरात ज्यांच्या दोन पिढ्या भाड्याच्या घरात गेल्या, ज्यांना कधीच शेत नव्हतं, त्यांच्या पोरांनी काय करायचं? हुरडा हा सातबाऱ्यावर नाव असणाऱ्यांचाच हक्क राहू नये. ज्या शेतकऱ्याला धान्यातून हाती फारसं लागत नाही, त्याला त्याच कणसांचे चार पैसे जास्त मिळत असतील आणि त्यामुळं त्यानं पुढच्या वर्षी ज्वारी पेरली, तर फलकावरची रंगरंगोटी खुशाल माफ करावी. तक्रार एकच. तिथं हुरडा चोळून, पाखडून, वाटीत भरून समोर येतो. पोर फक्त खातं. पैसे घेणाऱ्यांनी पोराला कणीस तोडू द्यावं, काळं करू द्यावं, सूप उपडं करू द्यावं. आणि पैसे देणाऱ्यांनी तेवढा कचरा सोसावा.

या बाबतीत परभणीकडं एक गोष्ट अशी आहे जी पुण्याकडं नाही. १८ मे १९७२ ला स्थापन झालेलं, आज वसंतराव नाईकांचं नाव असलेलं मराठवाडा कृषी विद्यापीठ शहराला लागून आहे. भेंडीवरच्या केवडा रोगाला दाद न देणारी ‘परभणी क्रांती’ भेंडी इथली. रब्बी ज्वारीत ‘परभणी मोती’ इथली, खरिपात लोह आणि जस्त जास्त असलेली ‘परभणी शक्ती’ इथून २०१८ मध्ये आली. आणि खास हुरड्यासाठी म्हणून विद्यापीठानं काढलेल्या वाणाचं नाव आहे ‘परभणी वसंत’. जिल्ह्यातल्या प्रत्येक शाळेनं फेब्रुवारीतली एक सहल या विद्यापीठाच्या ज्वारीच्या प्लॉटांवर न्यावी. लाल कंधारी आणि देवणी गाई बघाव्यात, करडईच्या काट्यांनी हात ओरबाडून घ्यावेत, एकाच पिकाची वेगवेगळी कणसं शेजारीशेजारी बघावीत. अजिंठा-वेरूळच्या सहली जरूर काढा; पण घरापासून पाच किलोमीटरवरचं ज्ञान बघायला बस ठरवत नाहीत, हे आश्चर्य आहे.

जी पोरं या वसंतात नसतात

या हंगामात जिल्ह्यातली सगळी पोरं इथं नसतात. गंगाखेड, पालम, सोनपेठ, जिंतूर भागातल्या कित्येक तांड्यांवरून आणि वाड्यांवरून दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात, पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात. कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे फेब्रुवारी-मार्चपर्यंत, ती परत येत नाहीत. काही पोरं आजीजवळ राहतात, काही हंगामी वसतिगृहांत, काही आई-बापाबरोबर फडात. ती परततात तेव्हा कणसं खळ्यात गेलेली असतात. सहलीचा हंगाम आणि कोयत्याचा हंगाम एकाच वेळी येतो. त्यांच्या गावच्या शाळेनं मागं राहिलेल्या पोरांसाठी एक दिवस वनभोजन ठेवलं, कुणा एका शेतकऱ्यानं आपल्या रानात आगटी पेटवू दिली, तर त्याला शासनाचा जीआर लागत नाही. काही गुरुजी आणि बाई हे करतातही, गाजावाजा न करता.

मोठ्या पोरांची गैरहजेरी आणखी वेगळी. शिष्यवृत्ती परीक्षा फेब्रुवारीत, बारावी-दहावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, आणि रविवारीही शिकवणी. त्यामुळं परभणीच्या वसंतात आता लहानच पोरं दिसतात. आई-बापांनी यावर स्वतःला एक प्रश्न विचारावा. वर्षातल्या बावन्न रविवारांपैकी दोन दिले तर गुण किती कमी होतील? बारावीच्या पोरालाही सकाळी नऊ ते दुपारी दोन एवढा हुरडा परवडतो.

हा अंक हातात पडेल तेव्हा सोयाबीनची रानं मोकळी झालेली असतील आणि हरभऱ्याची पेरणी चाललेली असेल. हुरड्याला पेरणीपासून साधारण तीन ते सव्वातीन महिने लागतात. म्हणजे दिवाळीच्या मागोमाग पेरलेली ज्वारी फेब्रुवारीत हुरड्याला येते, नेमकी आपल्या वसंताच्या मध्यावर. उशिराच्या पेरणीला खोडमाशी लागू शकते, तेव्हा बीजप्रक्रिया करावी आणि एक-दोन पाणी देता येईल अशीच जागा निवडावी. ज्यांच्याकडं शेत आहे त्यांनी हरभऱ्याच्या कडेला चार तासं हुरड्याच्या वाणाची टाकावीत, दोन आज आणि दोन पुढच्या आठवड्यात. शेजाऱ्यालाही टाकायला सांगावं, म्हणजे पाखरं वाटली जातील. ज्यांच्याकडं शेत नाही त्यांनी आजच गावी फोन करावा आणि काकांना एवढंच विचारावं, “औंदा ज्वारी पेरायलाव का?” पेरणार असतील तर बियाण्याचे पैसे आपण द्यावेत. पोरांच्या फेब्रुवारीतल्या सहलीचं बुकिंग नोव्हेंबरातच करावं लागतं.